वाटीभर विरजण

गेल्या महिन्यात सांगलीच्या एका भगिनीचं पत्र आलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांचं घर पाण्याखाली गेलं होतं. त्या लिहितात, की भिंतींना रंग लागला, कपाटं नवी आली, फ्रिजही आला. पण गल्ली काही पूर्वीसारखी राहिली नाही. समोरासमोरची दारं दुपारीसुद्धा बंद असतात. ह्यावर काही उपाय असेल तर जरूर लिहा.

पत्र वाचलं आणि दोन दिवस तसंच ठेवून दिलं. डाळीला कीड लागू नये म्हणून काय करावं, चांदीची भांडी कशी उजळावीत, हे सांगणं सोपं. ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, तर मला माझीच एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागणार होती. शेवटी म्हटलं, सांगूनच टाकावी. तुमच्यापाशी काय लपवायचं?

मी चिपळूणची. चिपळूण म्हणजे डोंगरांच्या मधली बशीच. एका अंगानं वाशिष्ठी वाहते, गावातून येणारी शिव नदी तिला मिळते, आणि पुढे वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला जाते. वर सह्याद्रीवर पाऊस कोसळतो, कोयनेच्या वीजघरांतलं पाणी कोळकेवाडीवरून ह्याच नदीत उतरतं, आणि खाली समुद्राला भरती असली की खाडी पाणी घेत नाही. मग ते पाणी बाजारपेठेत शिरतं. २६ जुलै २००५ चा पूर मी शाळकरी वयात पाहिला. २२ जुलै २०२१ चा पाहिला तो पदरात दोन मुलं असताना.

आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. आमचं घर जुनं, दुमजली. वर आम्ही चौघं, खाली वहिनींचं बिऱ्हाड. वहिनी म्हणजे आमच्या नात्यातल्या नव्हेत. पण दहा वर्षांच्या शेजाराला दुसरं काय म्हणायचं? त्या घरी शिवणकाम करतात. आळीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज त्यांच्या हातचे. माझ्या मुलांची अंगडी-टोपडीही त्यांनीच शिवली.

पहाटे तीनच्या सुमारास खालून दारावर थापा पडल्या. उघडलं तो जिन्यात सगळी मंडळी उभी. त्यांच्या सासूबाईंनी देव पदरात बांधून आणले होते, मुलांच्या डोक्यावर दप्तरं होती, आणि वहिनींच्या एका हातात कागदपत्रांची पिशवी नि दुसऱ्या हातात विरजणाचं मडकं! मी म्हटलं, ‘‘अहो वहिनी, हे काय आणलंत?’’ त्या म्हणाल्या, ‘‘हाताला लागलं ते उचललं.’’ शिवणाचं मशीन मात्र खालीच राहिलं. ते जिन्यावरून चढवायचं तर चार माणसं हवीत, आणि तोवर पाणी कमरेला लागलं होतं.

उजाडलं तेव्हा जिन्याच्या पाच पायऱ्या कोरड्या उरल्या होत्या. दोन दिवस आम्ही नऊ माणसं दोन खोल्यांत राहिलो. वीज नाही, फोन नाही. पागोळ्यांखाली पातेली लावून पाणी धरलं, उकळून प्यायलो. खिचडी, पिठलं, पुन्हा खिचडी. रात्री वहिनी नि मी आळीपाळीनं मेणबत्ती घेऊन जिन्यात बसायचो, पायऱ्या मोजत. खरं सांगते, त्या दोन दिवसांत आमच्या तोंडून एकमेकींना वावगा शब्द गेला नाही. भांडण झालं ते पाणी ओसरल्यावर.

चिखल पाहिलाय का पुराचा? तो नुसता चिखल नसतो. त्यात दुकानांतलं तेल असतं, गटार असतं, कुणाच्या तरी घरचे भिजलेले तांदूळ असतात. तो वाळायच्या आत ओढून काढावा लागतो, एकदा वाळला की फरशीला दगडासारखा बसतो. वहिनींच्या घरात गुडघाभर होता.

मग मदत यायला लागली. गावोगावहून टेम्पो आले, अनोळखी मुलं फावडी घेऊन आली. त्या मुलांचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. एक दिवस आळीच्या तोंडाशी एक टेम्पो थांबला. तांदूळ, डाळ, तेल, चटई आणि ब्लँकेट, असा एकेका घराला एकेक संच होता. रांग लागली. माझं घर कोरडं होतं. माझे डबे भरलेले होते. तरी मी रांगेत उभी राहिले. सगळ्याच उभ्या होत्या, म्हणून मीही. एवढंच नव्हे, तर दुसरीतल्या माझ्या मुलालाही मागे उभं केलं. दोन संच मिळाले.

वहिनी तेव्हा आत चिखल ओढत होत्या. रांगेचं त्यांना कळलंही नव्हतं. मी दोन्ही पिशव्या घेऊन त्यांच्या दारावरून जिना चढले. सासूबाई ओटीवर उलट्या बादलीवर बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

मनाला ते खात होतंच. दुसऱ्या दिवशी मी माझ्या चार वापरलेल्या साड्या आणि एक चादर घेऊन खाली गेले. वहिनींनी घडीसुद्धा मोडली नाही. ‘‘राहू दे बाई, आहे आमच्याकडे,’’ म्हणाल्या. काय होतं त्यांच्याकडे? अंगावरचं लुगडं आणि दोरीवरचं एक. मला राग आला. आपल्या हातून चूक झालेली असली की राग लवकर येतो, हे तुम्हालाही ठाऊक असेल. नळावर एकीजवळ मी बोलून गेले, ‘‘दोन दिवस घरात ठेवून घेतलं, त्याचे हे पांग फेडतायत.’’ नळावरचं बोलणं घागर घरी पोचायच्या आत पोचतं. संध्याकाळी वहिनींनी माझ्याकडे पाहून मान वळवली.

पुढे पंचनामे झाले. सरकारनं दहा हजारांची सानुग्रह मदत जाहीर केली. मग कुणाला मिळाले, कुणाला नाही, कुणाच्या घरात पाणी नसताना नाव लागलं, कुणी टेम्पोवाल्यांना आपल्याच दारात थांबवलं, ह्याचे हिशेब आळीत सुरू झाले. पाण्यात माणसं एकमेकांचा हात धरून उभी होती; कोरड्या जमिनीवर येताच हात सुटले.

१० सप्टेंबरला गणपती आले. पुराला बरोबर पन्नास दिवस झाले होते. कोकणातली आरती तुम्हाला माहीत आहे, एका घरची झाली की टाळ घेऊन सगळी पुढच्या घरी. त्या वर्षी कुणी कुणाकडे गेलं नाही. करोनाचं निमित्त होतं. निमित्त आहे ह्याचं मनातून बरंच वाटलं, ह्याचीच मला जास्त लाज वाटते.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. तिथे आमच्यातल्या एक बाई लातूरकडच्या आहेत. दिवाळीच्या आसपास डबा खाताना त्यांच्यापाशी मी माझं गाऱ्हाणं काढलं. साड्यांपर्यंतचं सगळं सांगितलं, पिशव्यांचं सोडून! त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘तुम्ही त्यांना बरंच दिलंत. त्यांच्याकडून काही घेतलंत का?’’

मला कळेना. म्हटलं, ‘‘त्यांच्याकडे काही उरलंय कुठे घ्यायला?’’

तेव्हा त्यांनी आपल्या आजीची हकिगत सांगितली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्या लहान होत्या. गणपतीचं विसर्जन करून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. सगळं अंगावर आलं. सुमारे आठ हजार माणसं गेली. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली. घरं पक्की मिळाली, पण जमिनीच्या हिशेबानं. भूमिहीनाला अडीचशे चौरस फुटांचं, थोडी जमीन असलेल्याला चारशेचं, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशेचं. जुन्या गावात बोळाबोळांनी घरं चिकटलेली होती, भिंतीला भिंत होती. नव्या गावात रुंद, सरळ रस्ते आणि सुटी सुटी घरं. आजीची जन्माची शेजारीण गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

‘‘आजी जुन्या घरात दिवसातून चारदा शेजारी जायची,’’ बाई म्हणाल्या. ‘‘कधी विस्तवाला, कधी मिठाला, कधी चाळणीला. नव्या घरात मदतीत सगळंच आलेलं. मागायला काही उरलं नाही, म्हणून कुणाकडे जायला कारण उरलं नाही. घेऊन घेऊन माणसं अवघडली होती. शेवटी एक दिवस आजी घरात मीठ असताना मीठ मागायला गेली. ज्या घरी गेली, त्या बाईनं डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, वर्षात पहिल्यांदा माझ्याकडे कुणी काही मागितलं.’’

त्याच भागात दुसरीही एक गोष्ट घडली. जी गावं हलवली नाहीत, तिथे पडझड झालेली घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. सरकारी पैसा कसा मिळतो, भिंत कशी बांधावी, हे घरोघर कोण सांगणार? तेव्हा महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं. उंबऱ्याबाहेर फारशा न पडलेल्या बायका गवंड्याशी बोलू लागल्या, इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. २६ जानेवारी २००१ ला कच्छचा भूकंप झाला, तेव्हा ह्या बायका गुजरातेत गेल्या, तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला. काल ज्यांना द्यावं लागत होतं, त्या आज द्यायला निघाल्या.

त्या दिवशी घरी आले. पुरात वीज गेली त्यात माझं दही नासलं होतं, आणि तेव्हापासून मी पिशवीतलं दही आणत होते. म्हणजे मला विरजण खरंच हवं होतं. मी वाटी विसळली आणि खाली गेले. जिन्याच्या त्या पाच पायऱ्या उतरताना पाय जड झाले होते.

‘‘वहिनी, विरजण द्याल का थोडं? माझं गेलं.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाटीकडे. म्हणाल्या, ‘‘वाटी ओली आहे. कोरडी आणा, नाहीतर पाणी सुटेल.’’

मी वर जाऊन वाटी पुसून आणली. त्यांनी त्याच मडक्यातून चमचाभर दही घातलं. मी उभीच राहिले. म्हटलं, ‘‘वहिनी, त्या दिवशी मी दोन पिशव्या घेतल्या. घ्यायला नको होत्या.’’

वहिनी मडक्यावर झाकण ठेवत होत्या. म्हणाल्या, ‘‘सासूबाई त्या संध्याकाळी वाट पाहत बसल्या होत्या. म्हणत होत्या, दोन घेतल्यात मास्तरीणबाईंनी. एक आपल्यासाठी असेल.’’

मैत्रिणींनो, ह्यावर मी काय बोलणार होते? नळावरच्या बोलण्याचीही तिथेच माफी मागितली. त्या ‘झालं गेलं’ म्हणाल्या नाहीत. ‘‘बसा, चहा टाकते,’’ म्हणाल्या. मला ते पुरे होतं. उत्साहावर विरजण पडलं असं आपण म्हणतो. पण विरजणाशिवाय दुधाचं दहीही होत नाही.

वाटी रिकामी परत देऊ नये ही आपली जुनी रीत. मी ती साखर घालून परत केली. चार दिवसांनी वहिनी जिन्यावरून हाक मारत आल्या. मशीन दुरुस्त होऊन आलं होतं, पण खालच्या खोलीत भिंतींना अजून ओल होती. ‘‘तुमच्या गॅलरीत ठेवलं तर चालेल?’’ मी म्हटलं, ‘‘ठेवा की!’’ सहा महिने आमच्या गॅलरीत ते मशीन खडखडत होतं. ह्यांची दुपारची झोप मोडली, पण बायकांची ये-जा सुरू झाली. ब्लाऊजचं माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला आमचा जिना चढावा लागे, आणि जिना चढून आलेली बाई थोडी टेकतेच. रुसलेल्या दोघी एकाच दिवशी माप द्यायला आल्या, की वहिनी एकीला दुसरीच्या ब्लाऊजची हुकं लावायला बसवत!

त्या डिसेंबरात नदीतला गाळ काढावा म्हणून गावानं साखळी उपोषण केलं. आमच्या आळीतल्या बायकाही पाळीपाळीनं जाऊन बसल्या. वहिनी नि मी एका सतरंजीवर होतो. पुढे गाळ काढण्याचं काम सुरू झालं. नुसत्या आपापल्या घराचा हिशेब मांडत बसलो असतो, तर त्या सतरंजीपर्यंत आम्ही पोचलोच नसतो.

आता सांगलीच्या भगिनीसाठी, आणि नदीकाठच्या सगळ्याच मैत्रिणींसाठी, आमच्या आळीनं काय काय केलं ते सांगते. खर्चाचं ह्यात काही नाही.

पहिलं म्हणजे मागा. ज्या घराचं नुकसान जास्त झालं, त्या घराकडे आधी मागा. पैसे नव्हेत, किसणी, शिडी, कढीपत्ता, लोणच्याचं प्रमाण, स्वेटरचा टाका. जिला सतत घ्यावं लागलंय तिला देण्याची संधी मिळाली, की तिची मान वर होते.

दुसरं, द्यायचंच असेल तर तिच्या गरजेचं द्या, आपल्या कपाटातलं नको झालेलं नव्हे. माझ्या चार साड्यांपेक्षा एक फावडं आणि दोन हात जास्त कामाचे होते. खाली उतरून एक तास चिखल ओढला असता, तर पुढचं काही घडलंच नसतं.

तिसरं, वरचं घर आणि खालचं घर ह्यांची जोडी लावा. मृग लागायच्या आत खालच्या घरानं रेशनकार्ड, दाखले, बँकेची पुस्तकं, लग्नातले फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या घरी ठेवायला द्यावेत. आमच्या लाकडी कपाटाचा खालचा खण आता दर पावसाळ्यात वहिनींचा असतो.

चौथं, आळीची एक वही करा. कुणाकडे दोर आहे, कुणाकडे मोठी बॅटरी, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाला दिवस गेलेत, कुणाचं औषध रोजचं आहे. बाहेरून मदत आली, की ह्याच वहीवरून वाटप व्हावं; खालची घरं आधी, वरची नंतर. माझ्यासारखीला मोह होऊच नये, म्हणून ही वही.

पाचवं, भिजलेल्या वस्तू वाचवायला शेजाराची जागा द्या. खालच्या घरात वाळवायला कोरडी जागाच नसते. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो ओढू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून अलगद सोडवावेत आणि सावलीत, चित्राची बाजू वर करून पसरावेत. पुस्तकं उन्हात टाकू नयेत; पानांमध्ये कोरा कागद घालून वाऱ्यावर ठेवावीत, कागद ओला झाला की बदलावा. पुराचं पाणी लागलेलं धान्य आणि पीठ मात्र जीव कितीही तुटला तरी टाकूनच द्यावं. आणि घरात वीज चालू करण्यापूर्वी वायरमनला दाखवावं.

पुस्तकांवरून आठवलं. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ च्या पुरात तिथली हजारो पुस्तकं गेली. त्यातून सावरून २०१३ साली त्यानं गावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं. २०२१ ला पुन्हा पाणी शिरलं, पुन्हा पुस्तकं गेली. वाचनालय परत उभं राहिलं. एवढी जुनी संस्था दोनदा पहिल्यापासून सुरुवात करते, तर आपण एक वाटी घेऊन चार पायऱ्या उतरायला काय हरकत आहे?

वहिनींच्या सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. आजारपणात त्या मला म्हणायच्या, ‘‘मास्तरीणबाई, तुमचं दही आमच्यापेक्षा घट्ट लागतं हो.’’ मी म्हणायची, ‘‘आजी, विरजण तुमचंच आहे.’’ त्या दोन पिशव्यांबद्दल त्यांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. मीच एकदा विषय काढला, तर म्हणाल्या, ‘‘ते पाण्याबरोबर गेलं.’’ पण मला ठाऊक आहे, ते पाणी ओसरल्यावरचं होतं.

तेव्हा सांगलीच्या ताई, समोरचं दार बंद दिसतंय म्हणता ना? उद्या दुपारी काहीतरी मागायला जा. घरात असलं तरी जा. वाटी मात्र कोरडी न्या. आणि काय झालं ते मला कळवा.